मैहर ते प्रिन्स्टन : सॅक्सोफोनमधला राग

जॅझ आणि राग यांच्या भेटीची हकीकत बहुतेक लेखक न्यूयॉर्क किंवा लंडनपासून सुरू करतात. ती मध्य प्रदेशातून सुरू व्हायला हवी. मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी साथीच्या रोगात पोरकी झालेली मुलं गोळा करून एक वाद्यवृंद उभा केला. त्यात सतार आणि सरोदाशेजारी व्हायोलिन आणि चेलो वाजत, आणि बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं नलतरंगही वाजे. वाद्य कुठलंही असो, त्यावर राग उभा राहिला पाहिजे, हा खाँसाहेबांचा आग्रह होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले रविशंकर आणि अली अकबर खाँ पुढे अमेरिकेत गेले, आणि ज्यांनी त्यांना सर्वांत अधिक कान देऊन ऐकलं त्यांत जॅझचे सॅक्सोफोनवादक आघाडीवर होते.

जॉन कोल्ट्रेनने १९६१च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबात ‘इंडिया’ ही रचना वाजवली. रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका तो बारकाईने ऐकत असे. १९६५ साली जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, आणि १९६७ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. हा रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. १९७५ साली आल्टो सॅक्सोफोनवादक जॉन हँडी याने अली अकबर खाँ आणि झाकिर हुसेन यांच्यासोबत ‘करुणा सुप्रीम’ ही ध्वनिमुद्रिका केली. नावातच कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ला वंदन आहे. म्हणजे मैहरचा धागा सॅक्सोफोनच्या इतिहासात पक्का विणलेला आहे. आज खाँसाहेबांच्या नावाची संगीत अकादमी भोपाळमध्ये आहे. या शहरात बसून सॅक्सोफोनवरच्या रागाचा हिशेब मांडावा असं वाटतं, ते म्हणूनच.

या हिशेबाचा निष्कर्ष आधीच सांगतो. साठ वर्षांच्या या प्रवासात राग आणि जॅझ शेजारी बसवणारे पुष्कळ झाले. रागाची विचारपद्धती रचनेच्या मुळाशी नेणारे फार थोडे, आणि त्या थोड्यांत आजच्या घडीला रुद्रेश महंतप्पा यांची जागा सर्वांत वरची आहे. त्यांच्या आधी ही वाट चोखाळणाऱ्या एका गोव्याच्या माणसाला मात्र आपण त्याचं देणं दिलेलं नाही.

वाद्याची अडचण

आधी वाद्य समजून घेऊ. बेल्जियन कारागीर अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. लष्करी बँडसाठी उपयोगी पडेल असं मोठ्या आवाजाचं वाद्य त्याला हवं होतं. नळी पितळेची, पण आवाज उमटतो तो वेताच्या एकेरी पत्तीतून. आपल्या सनईत दोन पत्त्या एकमेकींवर थरथरतात, इथे एकच पत्ती माउथपीसवर आपटते. तोंडाने फुंकायच्या पत्तीच्या वाद्यांचंच हे कूळ, म्हणून श्वास, दम आणि ओठांची पकड यांचं महत्त्व सनईइतकंच.

फरक बोटांखाली आहे. सनईची किंवा बासरीची भोकं उघडी असतात. बोट हळूहळू सरकवलं की एका स्वरातून दुसऱ्यात मींड जाते. सॅक्सोफोनची भोकं मात्र चाव्यांनी चालणाऱ्या गाद्यांखाली झाकलेली. चावी दाबली की गादी पूर्ण बसते, सोडली की पूर्ण उठते. मधली जागा जवळजवळ नाहीच. बारा स्वर कारखान्यातच ठरून आलेले. श्रुतीची हालचाल, आंदोलित गंधार, दरबारीचा कोमल धैवत हे सगळं ओठांच्या दाबाने, घशाच्या आकाराने आणि श्वासाच्या वेगाने घडवावं लागतं. सॅक्सोफोनवरची मींड हातापेक्षा तोंडात घडते. हार्मोनियमवर हा प्रश्न सुटण्यासारखाच नाही. सॅक्सोफोनवर तो सुटू शकतो, पण प्रत्येक वादकाला तो नव्याने सोडवावा लागतो.

दुसरी अडचण विचाराची. जॅझमध्ये सूर बदलत्या स्वरसंघांवरून चालतो, पायाखालची जमीन दर मापाला हलते. रागात षड्ज अचल. त्यामुळे पन्नास वर्षं एक सोपी तोड चालत आली: खाली तंबोऱ्यासारखा अखंड स्वर धरायचा, वर रागाचे आरोह-अवरोह फिरवायचे आणि मध्येच तबल्याला जागा द्यायची. असं संगीत कानाला गोड लागतं, पण त्यात रागाचं चलन नसतं, न्यास नसतात. आरोह-अवरोह म्हणजे राग नव्हे, हे आपल्याकडचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

मधल्या काळातले प्रयोग

१९६६ साली लंडनमध्ये कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचा आल्टोवादक जो हॅरियट यांनी ‘इंडो-जॅझ स्वीट’ केलं. मेयर यांचं लेखन शिस्तशीर आहे, हॅरियटचं वादन धारदार आहे. पण सतारीचा भाग आणि जॅझचा भाग आळीपाळीने येतात, एकमेकांत मुरत नाहीत. अमेरिकन आल्टोवादक चार्ली मारियानो याने वेगळा रस्ता धरला. तो दक्षिणेत येऊन नादस्वरम् शिकला आणि बंगळुरूच्या ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’च्या टी. ए. एस. मणी आणि रामामणी यांच्यासोबत १९८३ साली ‘ज्योती’ ही ध्वनिमुद्रिका केली. नॉर्वेचा यान गार्बारेक झाकिर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत ‘मेकिंग म्युझिक’मध्ये वाजला आणि पुढे उस्ताद फतेह अली खाँ यांच्याबरोबरही. चार्ल्स लॉइडने झाकिर हुसेन आणि ड्रमवादक एरिक हारलँड यांना घेऊन ‘संगम’ केलं.

या सगळ्यांना तोलायला आपल्याकडे एक चांगला काटा आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’मध्ये घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराकडे झुकलेलं, आग्रा लयीकडे, आणि जयपूरमध्ये दोन्हींचा तोल. हाच काटा सॅक्सोफोनला लावून पाहा. गार्बारेक स्वराच्या टोकाला आहे. एकेक स्वर तो इतका उजळ आणि लांब लावतो की किराण्याच्या श्रोत्याला तो लगेच आपला वाटेल. पण त्या स्वराखाली लयीची गुंफण पातळ असते. लॉइडच्या ‘संगम’मध्ये लय भरपूर आहे, परंतु ती तबला आणि ड्रमच्या संवादात राहते, सॅक्सोफोन तिच्यावरून तरंगत जातो. मारियानोने स्वर आणि लय दोन्ही शिकून घेतले, मात्र रचनेत तो आदरणीय पाहुणा राहिला. रागाच्या सामग्रीतून स्वतःचं नवं बांधकाम त्याने क्वचितच उभं केलं.

नेवऱ्याचा ब्राझ

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मुंबईत जॅझ रुजली ती ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड तिथे वाजला. त्यांच्याकडून आणि त्यांच्यानंतर आलेल्यांकडून शिकून ही कला हाती घेतली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेली ही मुलं कागदावरचं संगीत धडाधड वाचत. दारूबंदीने मुंबईच्या क्लबांची कमाई आटल्यावर त्यांना आसरा दिला चित्रपटांनी. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे ते सहायक होते. ‘अलबेला’ (१९५१) मधला स्विंग या जोडीने मराठी-हिंदी कानांवर कायमचा कोरला. पुढच्या पिढीत कलकत्त्याहून आलेल्या मनोहारी सिंग यांचा आल्टो सॅक्सोफोन ‘आराधना’सारख्या (१९६९) चित्रपटांतून घरोघर पोहोचला. देशाने सॅक्सोफोन ऐकला तो या गाण्यांतून. पण गाण्यात त्याला वाव मिळाला तो दोन कडव्यांमधल्या काही मापांचा. विस्ताराला तिथे जागाच नव्हती.

ती जागा शोधली ब्राझ गोन्साल्विस यांनी. १९३४च्या सुमाराचा जन्म, गाव गोव्यातलं नेवरा. मुंबईत आणि मग कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये ते वाजले, पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्या संगतीत. १९७० साली त्यांनी ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका केली. पुढे बँक्स यांच्यासोबतच्या इंडो-जॅझ वाद्यवृंदातून त्यांनी रागावर आधारलेली जॅझ देशाबाहेरही नेली.

गोन्साल्विस यांचं मोठेपण कशात? पश्चिमेचे वादक रागाकडे आले ते शोधयात्रेच्या भावनेने. गोन्साल्विस यांच्यासाठी राग परका नव्हता आणि जॅझही नव्हती. बीबॉपची वळणं त्यांनी क्लबात रात्रीमागून रात्री वाजवून कमावली होती आणि राग त्यांच्या अवतीभवती होता. त्यामुळे त्यांच्या वादनात बीबॉपचा भरगच्च आवाज टिकवून रागाचा स्वरसमूह त्यात चालवण्याची धडपड ऐकू येते. सॅक्सोफोनला त्यांनी सनईचं रूप देण्याचा आव आणला नाही. टेनरचा जाडसर, किंचित खरखरीत आवाज तसाच ठेवून त्यांनी रागाला त्या आवाजात बोलायला लावलं. रचनेच्या पातळीवर हे काम अपुरं राहिलं हेही खरं. सत्तरच्या दशकातल्या रॉकच्या ठेक्यांनी त्याला बांधून टाकलं, आणि लांब विस्ताराला वाव देणारी ध्वनिमुद्रणं फारशी झाली नाहीत. पण पाया त्यांनी घातला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या इंग्रजी पुस्तकाने मुंबईच्या जॅझयुगाची आठवण जागवली. मराठीत गोन्साल्विस यांच्यावर संगीतसमीक्षेच्या अंगाने नीट लिहिलं जाणं अजून बाकी आहे. गोवा मराठी संस्कृतीचाही प्रदेश आहे असं आपण म्हणतो. मग हे काम आपलंच आहे.

पाणेमंगळूरचे कद्री

निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली. पहिल्याच यात्रेत सॉनी रॉलिन्स वाजला. हाच रॉलिन्स साठच्या दशकात पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला होता. १९८० साली जॉन हँडी मुंबईला आला आणि त्याच्यासोबत एक तरुण कर्नाटकी वादक मंचावर वाजला: कद्री गोपालनाथ. अली अकबर खाँसाहेबांसोबत वाजलेला हँडी असा मैहरचा धागा दक्षिण कन्नड जिल्ह्यापर्यंत घेऊन आला.

गोपालनाथ यांचे वडील नादस्वरवादक. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि ठरवलं की हेच वाजवायचं. चेन्नईत टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली, वाद्यात स्वतःच्या सोयीचे बदल केले आणि वर आपण पाहिलेली मींडेची अडचण ओठांच्या जोरावर पार केली. त्यांच्या आल्टोतून गमक असा येतो की क्षणभर नादस्वरमच ऐकतोय असं वाटावं. १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्समध्ये ते वाजले. २००४ साली पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी ते गेले. त्यांनी सिद्ध केलं ते हे की सॅक्सोफोनवर राग पूर्णपणे वाजू शकतो. पण त्यांचं संगीत कर्नाटकी कृतीचं संगीत होतं. जॅझचा रचनाकार ते नव्हते, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. उरलेलं काम दुसऱ्या कुणाला तरी करायचं होतं.

रुद्रेश महंतप्पा

महंतप्पा यांचा जन्म १९७१ साली इटलीतल्या त्रिएस्ते इथे, कन्नड कुटुंबात. वाढले अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये, जिथे वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. हाती आल्टो सॅक्सोफोन, कानात चार्ली पार्कर. बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना भावाने गमतीने त्यांना गोपालनाथ यांची ‘सॅक्सोफोन इंडियन स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका भेट दिली, आणि तिथून त्यांच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर शोध सुरू झाला.

त्यांच्या कामातली तीन उदाहरणं मला निर्णायक वाटतात.

पहिलं ‘मदर टंग’ (२००४). अमेरिकेत त्यांना वारंवार विचारलं जाई, तू ‘इंडियन’ बोलतोस का, ‘हिंदू’ बोलतोस का? महंतप्पा यांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांना विचारला, त्यांची उत्तरं ध्वनिमुद्रित केली आणि बोलण्यातले चढउतार स्वरात लिहून त्यांवर रचना बांधल्या. कन्नड, गुजराती, तेलुगू, तमिळ, मल्याळम, आणि कोकणीही. इथे मराठी वाचकाला कुमार गंधर्व आठवल्याशिवाय राहणार नाहीत. भोपाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या देवासमध्ये, आजारपणात, कुमारजींनी माळव्याच्या लोकधुना कान लावून ऐकल्या आणि धुनेतून राग उगवतो ही दृष्टी त्यांतून घेतली. त्यांचे धुनउगम राग ‘अनुपरागविलास’मध्ये ग्रंथित झाले. बोलण्यातून सूर आणि सुरातून रचना, हा महंतप्पा यांचा मार्ग त्याच जातीचा आहे. कच्चा माल लोकांच्या तोंडून घ्यायचा, बांधकाम पूर्णपणे आपलं. म्हणून ‘मदर टंग’मध्ये भारत ऐकू येतो तो कुठल्याही सतारीशिवाय.

दुसरं ‘किन्समेन’ (२००८). ज्यांच्या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात झाली त्या गोपालनाथ यांनाच त्यांनी समोर उभं केलं. दोन आल्टो सॅक्सोफोन, कन्याकुमारी यांचं व्हायोलिन, पूवलूर श्रीजी यांचा मृदंग, रेझ अब्बासीची गिटार, आणि बास-ड्रमची जॅझ जोडी. नवखा रचनाकार इथे सवाल-जवाबावर थांबला असता. महंतप्पा यांनी अशी लांबलचक रचलेली वाक्यं लिहिली की त्यांत कर्नाटकी कोरवईचं गणित आणि बीबॉपची वळणं एकाच ओळीत सापडतात. दोन सॅक्सोफोन एकत्र वाजतात तेव्हा फरक स्पष्ट होतो. गोपालनाथ यांचा स्वर वक्र, प्रत्येक टोकाला कंप असलेला. महंतप्पा यांचा स्वर सरळ, काठाला धार असलेला. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याची नक्कल करत नाही. इतक्या वर्षांच्या इंडो-जॅझमध्ये ही बरोबरीची भेट मला प्रथम इथे ऐकू आली.

तिसरं ‘बर्ड कॉल्स’ (२०१५). इथे भारतीय वाद्य एकही नाही, आणि तरीही मला हेच त्यांचं सर्वांत भारतीय काम वाटतं. चार्ली पार्करच्या धुना आणि त्याच्या वादनातले तुकडे घेऊन त्यांनी नव्या रचना केल्या. ‘डोना ली’मधून ‘ऑन द डीएल’, ‘पार्कर्स मूड’मधून ‘टॅलिन इज थिंकिंग’. पार्करने स्वतः जुन्या गाण्यांच्या स्वरसंघांवर नव्या धुना बसवल्या होत्या. महंतप्पा यांनी उलट बाजूने जाऊन त्या धुनांनाच नवी लय, नवी जमीन दिली. आपल्याकडे जुन्या बंदिशीला जोड रचताना हेच होतं: मूळ बंदिशीचा मुखडा मनात ठेवून रचनाकार स्वतःचं सांगतो, आणि जाणकाराला दोन्ही ऐकू येतात. परंपरेशी वागण्याची ही रीत त्यांनी अमेरिकन परंपरेला लावली. रागाची विचारपद्धती रचनेच्या मुळाशी जाते म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

देशपांडे यांच्या काट्यावर महंतप्पा लयीच्या बाजूला झुकतात. ‘अपती’ आणि ‘अग्रिमा’ या ध्वनिमुद्रिकांत तबला शिकलेला ड्रमवादक डॅन वाइस आणि गिटारवादक अब्बासी यांच्यासोबत ते मात्रांचे गट असे मोडतात-जोडतात की सम येते तेव्हा श्रोता अंग सावरून बसतो. जयपूरच्या तानांतली पेचदार गुंफण आवडणाऱ्याला हे वादन खोलवर भिडेल. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना वर्षानुवर्षं आल्टो सॅक्सोफोनवादकांत पहिली पसंती दिली. २००७ साली गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, आणि २०१६पासून प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅझ विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. ही प्रशंसा त्यांनी कष्टाने मिळवली आहे.

उणीव सांगायचीच तर ती विलंबिताची. महंतप्पा यांच्या वादनात विसावा कमी. एका स्वरावर ठाण मांडून त्याचे सगळे रंग दाखवण्याची सबुरी, जी गार्बारेककडे भरपूर आहे, ती त्यांच्याकडे क्वचित दिसते. ‘टॅलिन इज थिंकिंग’सारख्या संथ रचनेत ती दिसते तेव्हा कळतं की त्यांना हे जमतं, आणि मग अधिक हवंसं वाटतं. राग आणि जॅझच्या या प्रवासात आलाप अजून लिहिला जायचा आहे.

भोपाळ काय करू शकतं

इथेच भोपाळचा संबंध येतो. १९८१ साली या शहरात ध्रुपद केंद्र सुरू झालं आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर इथे शिकवू लागले. उज्जैनचे उदय भवाळकर इथेच घडले. एका षड्जात किती जागा असते हे ऐकायचं तर डागरांच्या आलापाइतकं मोठं विद्यापीठ नाही. ट्रम्पेटवादक डॉन चेरी हा फ्री जॅझचा एक प्रवर्तक. तो झिया फरीदुद्दीन यांचे थोरले बंधू झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकला होता. म्हणजे ध्रुपद आणि जॅझची ही वाट पूर्वी कुणीतरी चालून गेलेली आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी उघडलेलं, चार्ल्स कोरिया यांनी तलावाकाठी रचलेलं भारत भवन चित्र, नाट्य, कविता आणि संगीत एका छताखाली आणण्यासाठीच बांधलं गेलं. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची अकादमीही इथेच.

भारतात आज जॅझ मुख्यतः मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळुरूच्या क्लबांत आणि महोत्सवांत जगते. तिथे संध्याकाळ रंगते, पण नवी दीर्घ रचना लिहायला वेळ आणि पैसा लागतो. ‘किन्समेन’ झालं कारण न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीने ती रचना करवून घेतली. भारतातल्या एखाद्या तरुण सॅक्सोफोनवादकाला ध्रुपद केंद्रात काही महिने बसवावं, त्याच्याकडून एक रचना करवून घ्यावी आणि ती भारत भवनात वाजवावी, एवढं या शहराला सहज शक्य आहे. ज्या मैहरने बंदुकीच्या नळ्यांतून सूर काढला, त्याच्या राज्याला हे शोभेलही.

मराठी समीक्षेलाही काम आहे. घराणं, बंदिश, लय, न्यास यांवर इतका बारीक विचार क्वचितच दुसऱ्या भारतीय भाषेत झाला असेल. तो विचार आपण आपल्याच संगीतापुरता राखून ठेवला. ब्राझ गोन्साल्विस आणि रुद्रेश महंतप्पा यांना त्याच काट्यावर तोलून पाहा, म्हणजे दोघंही किती मोठे आहेत हे कळेल. वाचकांना एवढंच सांगेन: आधी ‘रागा रॉक’ मिळवून ऐका, मग ‘किन्समेन’, आणि मग ‘बर्ड कॉल्स’ शांतपणे पूर्ण ऐका. सॅक्सोफोन हे आपलंही वाद्य आहे, याबद्दल त्यानंतर शंका राहणार नाही.